आधी दालन, मग टेबल, मग पुन्हा दालन

संग्रहालयाच्या कलावर्गात मुलांपुढे छापील आकृती आणि रंगखडू ठेवलेले दिसले की मनापासून वाईट वाटतं. भिंतीपलीकडे दालनात कुणीतरी हातानं, विशिष्ट साहित्य वापरून घडवलेली वस्तू असते आणि इकडे चाललेल्या रंगवण्याचा तिच्याशी काडीचाही संबंध नसतो. माझं ठाम मत आहे की दालनात जे मांडलंय, त्यातलंच एक तंत्र वर्गात शिकवावं. एकच, पण पूर्ण.

वेळेची वाटणीही ठरलेली हवी. सुरुवातीला वीस मिनिटं दालनात, मग सव्वा तास टेबलावर आणि शेवटी दहा मिनिटं पुन्हा त्याच वस्तूंसमोर. बहुतेक ठिकाणी शेवटची दहा मिनिटं गाळली जातात. खरं तर तीच सगळ्यात मोलाची असतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या, 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत एका कलाकृतीसमोर घालवलेल्या वेळेचा मध्यक 17 सेकंद निघाला होता. ज्यानं नुकताच स्वतः ठसा घेतलाय, तो मात्र चित्रासमोर उभा राहून शाई कुठे जाड बसलीय, कोरणी कुठे घसरलीय हे शोधत बसतो. त्याला आता काय पाहायचं ते कळलेलं असतं. पहिल्या फेरीत तीनच वस्तू दाखवाव्यात आणि प्रत्येकाला कागद-पेन्सिल द्यावी. दालनात पेन नकोच. पेन्सिलीची रेघ चुकून वस्तूवर उमटली तर संवर्धकाला निदान काही करता येतं, शाईचा डाग बहुधा कायमचा राहतो.

आता सायनोटाइपचं, म्हणजे उन्हाच्या मदतीनं कागदावर निळी प्रतिमा उमटवण्याच्या पद्धतीचं घ्या. जुनी छायाचित्रं, नकाशे किंवा वनस्पतींचे नमुने मांडलेले असतील, तर यापेक्षा चांगला वर्ग नाही. खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी ही पद्धत 1842 मध्ये शोधली आणि वनस्पतिशास्त्रज्ञ अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी पुढच्याच वर्षापासून समुद्री शेवाळांच्या प्रतिमा अशाच घेतल्या. कॅमेरा लागत नाही. 100 मिलिलिटर पाण्यात 25 ग्रॅम हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या 100 मिलिलिटरमध्ये 10 ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड. दोन्ही द्रावणं वेगळ्या, गडद रंगाच्या बाटल्यांत ठेवायची आणि वापरायच्या वेळीच समप्रमाणात मिसळायची. आठ बाय दहा इंचाच्या कागदाला साधारण दोन मिलिलिटर पुरतं. ब्रशला धातूची पट्टी नसावी, कारण लोखंडाशी द्रावणाची प्रक्रिया होऊन निळे ठिपके पडतात. द्रावण करणं आणि कागदाला लावणं हे काम मोठ्यांनी हातमोजे घालून, मंद पिवळ्या दिव्याखाली आदल्या दिवशी उरकावं. फेरीसायनाइडजवळ तीव्र आम्ल येऊ देऊ नये. मुलांच्या हाती येतो तो अंधारात वाळवलेला कागदच.

त्यावर पान ठेवायचं, वर काच दाबून क्लिपा लावायच्या आणि उन्हात न्यायचं. इथे ज्या चुका होतात, त्या जवळपास ठरलेल्या असतात. ओलं पान ठेवलं की डाग पडतो. जाड देठामुळे काच वर उचलली जाते आणि कडा धूसर येतात, म्हणून पानं आदल्या दिवशी जड पुस्तकाखाली दाबून घ्यावीत. सगळ्यात मोठी चूक म्हणजे घाई. कागद निळा झाला की लोक उचलतात, पण तो आणखी पुढे जाऊन राखाडी, किंचित तपकिरी झाक येईपर्यंत थांबायला हवं. कडक उन्हात याला दहा मिनिटं लागतात, ढगाळ दिवशी अर्धा तासही पुरत नाही. मग पांढऱ्या भागातला पिवळेपणा जाईपर्यंत, पाच-दहा मिनिटं पाण्यात धुवायचं. पाणी अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं असेल तर निळा रंग फिका पडतो, म्हणून पहिल्या पाण्यात थोडं व्हिनेगर घालावं. कागदही आम्लरोधक भुकटी न मिसळलेला घ्यावा, कारण ती भुकटी हाच रंग हळूहळू खाते. वाळल्यावर दिवसभरात निळा रंग आणखी गडद होतो.

या वर्गाचा खरा उपयोग पुढे आहे. दालनात इतका अंधार का, ही प्रेक्षकांची नेहमीची तक्रार असते. कागद आणि कापडावर साधारण 50 लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक), तैलचित्रांवर 200 लक्सच्या आसपास प्रकाश ठेवतात. भर दुपारचं थेट ऊन सुमारे एक लाख लक्स असतं आणि प्रकाशाची इजा साचत जाते. हिशेब मांडा. उन्हातली दहा मिनिटं म्हणजे 50 लक्सचे 333 तास, रोज आठ तास दालन उघडं धरलं तर जवळपास 42 दिवस. हा हिशेब ढोबळ आहे, कारण उन्हातले अतिनील किरण त्यात धरलेलेच नाहीत. पण पिवळा कागद डोळ्यांदेखत निळा होताना पाहिलेल्या आठ वर्षांच्या मुलाला 50 लक्स म्हणजे काय हे पुन्हा समजवावं लागत नाही. नाजूक चित्रं काही महिन्यांनी उतरवून अंधाऱ्या कपाटात का ठेवतात, तेही त्याच्या आपसूक लक्षात येतं.

मातीच्या भांड्यांचं प्रदर्शन असेल तर मातीकाम हवंच. ‘हवेचा बुडबुडा राहिला म्हणून भट्टीत फुटलं’ असं सर्रास सांगतात. मुख्य दोष असतो ओलाव्याचा. मातीत राहिलेल्या पाण्याची शंभर अंशांपुढे वाफ होते आणि ती बाहेर पडायला वाट मिळाली नाही की वस्तू फुटते. म्हणून भिंत एक सेंटिमीटरच्या आसपास ठेवावी, अडीचपेक्षा जाड भाग आतून पोखरावा आणि वस्तू प्लास्टिकखाली आठवडाभर सावकाश वाळवावी. गालाला थंडगार लागली तर ती अजून ओली आहे. कान किंवा मूठ जोडताना दोन्ही बाजूंना खाचा पाडून मातीची राबडी लावायची, नुसतं चिकटवलेलं वाळताना सुटतं. हे केल्यावर दालनातल्या घड्याच्या कानाशी जोडाची रेघ शोधायला सांगा. बघा, लोक किती वेळ वाकून उभे राहतात. साफसफाईत मात्र कोरडा झाडू वर्ज्य, कारण मातीच्या धुळीतली सिलिका फुप्फुसांत जाते. ओल्या फडक्यानं पुसावं. हात बादलीत धुवावेत, गाळ बसू द्यावा आणि वरचंच पाणी ओतावं. नाहीतर महिनाभरात मोरी तुंबते.

वयानुसार वेगळे वर्ग करायला माझा विरोध आहे. आजी आणि नात एकाच टेबलावर बसू शकतात, फक्त हत्यार बदलावं लागतं. लिनोकटमध्ये, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून त्याचा ठसा घेताना, लहानग्यांना फोमचा पातळ तुकडा आणि बोथट पेन्सिल द्या, ठशाचं तत्त्व तेच राहतं. मोठ्या मुलांना कोरणी द्या, पण टेबलाच्या कडेला अडकणाऱ्या फळीवर. धरणारा हात कायम पात्याच्या मागे हवा. वळणावर हात फिरवायचा नाही, लिनो फिरवायचा. लिनो गार असला की टणक होतो आणि कोरणी घसरते, म्हणून आधी केस वाळवायच्या यंत्रानं जरा गरम करून घ्यावा. ज्यांची बोटं सांधेदुखीनं आखडतात, त्यांच्या कोरणीच्या मुठीला फोम गुंडाळावा, लिनोऐवजी मऊ रबरी ठोकळा द्यावा आणि हात टेकता येतील अशी खुर्ची द्यावी. कोरणी हाती असलेल्या सहा जणांमागे एक जाणकार मदतनीस हवाच, यात काटकसर नको.

वर्ग सुटताना प्रत्येक कागदामागे पेन्सिलीनं नाव, तारीख आणि किती मिनिटं ऊन दिलं ते लिहून घ्यावं. सायनोटाइप घरी खिडकीसमोर लावू नये हेही सांगावं. लावलाच आणि फिका पडला, तर काही दिवस अंधाऱ्या कपाटात ठेवा, निळा रंग बराचसा परत येतो.