घुमट जपान्यांनी पाडला नाही

कोलकात्याच्या डलहौसी स्क्वेअरमधल्या जुन्या करन्सी बिल्डिंगचा फोटो आणि खाली 'शाळेत न शिकवलेला इतिहास' असा एक मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. आधी मी दुर्लक्ष केलं. पण आता माझ्या भाचीनं तो जसाच्या तसा शाळेच्या प्रोजेक्टच्या वहीत उतरवलाय आणि त्यावर बाईंचं 'छान' पडलंय. त्यामुळे आता बोलायलाच हवं.

मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: ही इमारत इंग्रजांनी रिझर्व्ह बँकेसाठी बांधली. देशाच्या सगळ्या नोटा इथेच छापल्या जात. 1942 मध्ये जपानी बॉम्ब पडून तिचा घुमट कोसळला, म्हणून बँकेचे पहिले गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांनी बँक रातोरात मुंबईला आणली. आणि तळघरात अजून सोनं आहे.

आधी बॉम्बचं बघू, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. रिझर्व्ह बँक 1 एप्रिल 1935 ला सुरू झाली, तेव्हा तिचं केंद्रीय कार्यालय कोलकात्यात होतं आणि 1937 मध्ये ते कायमचं मुंबईला आलं. ही माहिती खुद्द रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे, कुणीही उघडून वाचावी. कोलकात्यावर जपानी विमानांचे हल्ले सुरू झाले डिसेंबर 1942 मध्ये. म्हणजे पाच वर्षांनी पडणाऱ्या बॉम्बला घाबरून बँक आधीच पळाली म्हणायची! 1937 मध्ये जपान आणि ब्रिटन यांच्यात युद्धही नव्हतं, ते पेटलं डिसेंबर 1941 मध्ये. आणि 'रातोरात' कसलं? मुंबईत बँकेची कचेरी पहिल्यापासूनच होती.

कोलकात्यावर बॉम्ब पडले आणि माणसं मेली, हे खरं आहे. 5 डिसेंबर 1943 ला खिदिरपूरच्या गोदीवर मोठा हल्ला झाला. पण त्या मेलेल्यांच्या नावावर हा घुमट खपवू नका.

कारण तो घुमट 1942 नंतर पन्नासहून जास्त वर्षं जागेवर होता. स्वतंत्र भारतात ही इमारत केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या ताब्यात होती. 1994 पर्यंत त्यांनी ती गोदाम म्हणून वापरली आणि मग पाडायचं ठरवलं. 1996 मध्ये पाडकाम सुरू झालं आणि त्यात घुमट गेला. वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आणि कोलकाता महानगरपालिका आडवी आली म्हणून उरलेली इमारत वाचली. फोटोत मधे जो मोकळा चौक दिसतो, चारी बाजूंना तीन मजल्यांच्या विटांच्या भिंती, कमानी आणि वर थेट आकाश, तो बांधताना ठेवलेला चौक नाही. तिथे मुख्य दालन होतं. घुमटाच्या झरोक्यांतून उजेड खाली यायचा आणि नोटा, सोनं, चांदी, मोड यांच्या खिडक्यांपुढे लोक उभे राहायचे. ते दालन आपल्याच सरकारी खात्यानं, कंत्राट देऊन, भरदिवसा फोडलं.

म्हणूनच मला या मजकुराचा इतका राग येतो. चुकीचं साल मी एकवेळ सोडून दिलं असतं. पण हा मजकूर आपलं पाप शत्रूच्या खात्यावर टाकतो. पुण्यातले वाडे आणि मुंबईतल्या जुन्या इमारती कोण पाडतंय हे उघड्या डोळ्यांनी बघणाऱ्या मुलांना तरी असलं काही शिकवू नये.

बाकीचं भराभर. इमारत रिझर्व्ह बँकेसाठी बांधलेली नाही. ती बँकेपेक्षा जवळजवळ शंभर वर्षांनी जुनी, 1833 ची मानली जाते आणि मुळात इथे आग्रा बँकेची शाखा होती. 1866 च्या लंडनच्या आर्थिक पडझडीत आग्रा बँकेनं व्यवहार थांबवले (आपल्याकडे त्याच सुमारास कापसाच्या सट्ट्यानं बँक ऑफ बॉम्बेची वाट लागली) आणि 1868 मध्ये सरकारनं इथे चलनाची कचेरी थाटली. 'करन्सी बिल्डिंग' ती तेव्हापासून. हां, रिझर्व्ह बँकेचं पहिलं केंद्रीय कार्यालय इथे होतं, हे मान्य. अख्ख्या मजकुरात तेवढं एक बरोबर आहे, तेही अर्धंच सांगितलंय.

नोटा इथे छापल्या जात नसत, इथून दिल्या-घेतल्या जात. छपाई आधी इंग्लंडमध्ये व्हायची आणि 1928 पासून आपल्या नाशिकला. मजकूर मराठीत लिहिणाऱ्याला नाशिक रोडचा छापखाना आठवू नये? शिवाय रिझर्व्ह बँकेच्या स्वतःच्या नावाची पहिली नोट, पाच रुपयांची, निघाली जानेवारी 1938 मध्ये. तोवर केंद्रीय कार्यालय मुंबईत आलेलं होतं.

तळघरातल्या सोन्याला पुरावा शून्य. पुरातत्त्व खात्यानं वर्षानुवर्षं या इमारतीची डागडुजी केली, जानेवारी 2020 मध्ये ती लोकांसाठी खुली झाली, तिथे प्रदर्शनं भरली.

आता देशमुखांचं. पहिले गव्हर्नर सर ऑस्बॉर्न स्मिथ, दुसरे सर जेम्स टेलर. सी. डी. देशमुख तिसरे, 1943 मध्ये झालेले, पण पहिले भारतीय. 1937 मध्ये ते बँकेत नव्हतेच, आले 1939 मध्ये. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेल्या या माणसाचा अभिमान मलाही आहे, पण त्याला खोट्या टेकूची गरज नाही. मुंबईसाठी त्यांनी खरोखर काय केलं हे सांगायचं असेल तर 1956 साल सांगा. मुंबई केंद्रशासित करण्याच्या निर्णयाविरुद्ध त्यांनी देशाच्या अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला होता.