स्प्रिंगची ऊर्जा निम्मी-निम्मी होत नाही

नीट, सीईटी जवळ आली की लातूरच्या होस्टेलांमधून एक 'ट्रिक' व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागते. 'दोन गाड्यांमध्ये दाबलेली स्प्रिंग सोडली की दोन्हींना सारखाच जोर, म्हणून ऊर्जा निम्मी-निम्मी. संवेगाच्या नादी लागू नका. स्प्रिंग ढकलते म्हटल्यावर तो अक्षय्य राहतच नाही.' परवा भाचीनं ती मला कौतुकानं दाखवली.

सारखा जोर, हे खरं. घोळ त्यापुढच्या 'म्हणून'मध्ये आहे. सारखा जोर सारखाच वेळ लागला की सारखा होतो तो संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. ऊर्जेचा हिशेब जोर आणि अंतर यांचा, आणि अंतर सारखं नसतं. गाड्या १ आणि २ किलोच्या, स्प्रिंगचा स्थिरांक ६०० न्यूटन प्रति मीटर, दाबली १० सेंमी. साठले ३ ज्यूल. स्प्रिंग मोकळी होईपर्यंत हलकी गाडी सुमारे ६.७ सेंमी सरकते, जड ३.३. म्हणून हलकीला २ ज्यूल, जडला १. वेग २ आणि १ मीटर प्रति सेकंद. संवेग दोन्हीकडं २, दिशा उलट, बेरीज शून्य.

ट्रिकनं दीड-दीड ज्यूल वाटा. वेग येतात १.७३ आणि १.२२, संवेग १.७३ आणि २.४५. जागेवर उभ्या जोडीत हा ०.७२ चा फरक कुठून आला? वजनं सारखी असली तर मात्र ट्रिकचं उत्तर जुळतं. तेवढ्यावरच ती जगते.

आता संवेग 'अक्षय्य राहत नाही' म्हणे. अहो, स्प्रिंग घरातलीच. जावा-जावांनी एकमेकींना ढकललं म्हणून वाडा सरकतो का? हां, जड गाडी भिंतीला टेकवलीत तर भिंत पडली बाहेरची. तिथं गाड्यांचा संवेग खरंच टिकत नाही, आणि हलकी सगळे ३ ज्यूल घेऊन २.४५ च्या वेगानं सुटते. ट्रिकमधलं ते वाक्य तेवढ्यापुरतं खरं.

भाचीला हे कागदावर पटेना. मग शहाबादी फरशीवर दोन गाड्या घेतल्या, चाकांना तेल दिलं, एकीवर दुप्पट वजन ठेवलं. मध्ये स्प्रिंग दाबून दोऱ्यानं बांधली. हलकीपुढं ६० सेंमीवर एक ठोकळा, जडपुढं ३० वर दुसरा. काडीनं दोरा जाळला. ट्रिकप्रमाणं जड गाडी आधी धडकायला हवी होती. आवाज आला तो एकच. 'टक्.'