हजेरी पोरांची नको, आधी आपली घ्या

नाशिकमध्ये पेठ रोडलगतच्या एका वस्तीत, समाजमंदिराच्या ओट्यावर, दर मंगळवारी आणि गुरुवारी वस्तीतल्या मुलांसाठी आम्हा स्वयंसेवकांचा वर्ग भरतो. आता चार वर्षं होतील. आज लिहायला बसले ते एका वहीमुळे.

पहिली दोन वर्षं मी फक्त मुलांची हजेरी मांडायचे. तिसऱ्या वर्षी शिकवणाऱ्यांचीही मांडायला लागले. परवा ती वही उघडली. जूनमध्ये आम्ही 11 जण होतो, ऑगस्टमध्ये 7, दिवाळीनंतर 3. त्याच महिन्यांत मुलं 36 वरून 14 वर आली. तेव्हा आमच्या बैठकीत सगळ्यांचं एकमत झालं होतं की या मुलांना अभ्यासाची गोडी नाही, घरचं वळण नाही. पण तारखा शेजारी शेजारी ठेवल्यावर उलटंच दिसलं. आधी ताई-दादा यायचे थांबले. मुलं त्यानंतर थांबली.

हे वाचून कुणाला राग आला तर येऊ दे. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं, की ग्रुपवर आमच्यातल्या पाच जणांचे मेसेज येतात, आज जमणार नाही. मुलं मात्र डोक्यावर प्लास्टिकची गोणी घेऊन ओट्यावर येऊन बसलेली असतात.

आमच्याकडच्या बऱ्याच आया बाजार समितीत कामाला जातात. पालेभाज्यांचा लिलाव संध्याकाळी असतो, मग माल गाड्यांत भरून मुंबईकडे जातो. म्हणजे शाळा सुटून मूल घरी येतं तेव्हा घराला कडी असते. म्हणून वर्गाची वेळ संध्याकाळी 6 ते 8. सुरुवातीला आम्ही रविवारी सकाळी ठेवला होता, आमच्या सोयीने. कोणी आलं नाही, कारण रविवारी सकाळी पाणी भरणं, धुणं आणि धाकट्याला सांभाळणं असतं. आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं.

याच बाजारामुळे मला गणित शिकवण्याची वाट सापडली. पाचवीतला एक मुलगा भागाकार दिसला की पाटी उलटी करून ठेवायचा. एकदा सहज विचारलं, "कोथिंबीर शेकडा 1200 ने गेली, तर जुडी कितीला पडली?" त्याने मान वर न करता सांगितलं, "बारा." मग 1500 ची विचारली, 850 चीही विचारली. साडेआठ रुपये त्याला कागदाशिवाय येत होते. त्याला भागाकार येतच होता, फक्त आम्ही तो कागदावर कसा मांडतो हे कोणी दाखवलं नव्हतं. ते दाखवायला मला पावणेदोन महिने लागले.

वाचनाचं दुखणं याहून खोल आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेबाहेरच्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवतात. ते मला पूर्ण पटतं, दहा वर्षांच्या पोराला पहिलीत बसवणं म्हणजे त्याचा अपमान. पण बरोबरीला येण्यासाठी त्याला विशेष प्रशिक्षण मिळावं, असंही त्याच कलमात लिहिलं आहे. वर्ग हाच, पण मागे राहिलेलं कोण भरून काढणार? एकट्या शिक्षकाने चाळीस मुलांत ते करावं ही अपेक्षा मला रास्त वाटत नाही. आपल्यासारख्यांची गरज नेमकी इथे आहे.

आणि इथेच आपण घोटाळा करतो. आमच्याकडची एक मुलगी 'र' पाशी अडली होती. सूर्य, चक्र, राष्ट्र, दऱ्या: एकच अक्षर चार ठिकाणी चार रूपं घेऊन भेटतं. ती कुठे अडते हे तिच्याजवळ सलग बसणाऱ्यालाच कळतं. पण दर दोन महिन्यांनी नवा दादा यायचा आणि मोठ्या उत्साहाने 'क, ख, ग' पासून सुरुवात करायचा. मी वहीत मोजलं, या दोन वर्षांत तिला नऊ जणांनी मुळाक्षरं शिकवली. रफारापर्यंत एकही पोचला नाही.

पेठ, सुरगाणा तालुक्यांतून आलेली घरं तर वर्षातून दोनदा हलतात. शाळा जूनमध्ये सुरू होते आणि भातलावणीला ही माणसं गावी असतात. इकडे परततात तेव्हा अर्धं सत्र गेलेलं असतं. गाव बदललं तरी शाळा सुटू नये म्हणून स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं, ते गावाहून निघतानाच शाळेतून मागून घ्या, हे आम्ही आता प्रत्येक आईला सांगतो. मागच्या वर्षी एका शाळेने जुना दाखला नाही म्हणून एका बाईंना दोनदा परत पाठवलं. तिसऱ्या वेळी मी सोबत गेले, दाखल्याअभावी प्रवेश अडवता येत नाही हे कायद्याचं कलम छापून नेलं. दहा मिनिटांत नाव दाखल झालं. त्या बाईंचे दोन दिवसांचे खाडे झाले होते, ते पैसे कोण देणार?

वाढदिवसाचा केक घेऊन येणाऱ्यांना मी आता नम्रपणे नाही म्हणते. वह्या द्या, पण मुलांना रांगेत उभं करून, प्रत्येकाच्या हातात वही देताना फोटो काढू नका. आपल्या मुलांच्या वर्गात कोणी असं केलेलं आपल्याला चालेल का?

वहीत माझंही नाव आहे. गेल्या मार्चमध्ये सलग तीन गुरुवार माझ्यापुढे फुली आहे. बँकेत वर्षअखेर होती, कारण खरं होतं. पण मी ग्रुपवर कळवलं, मुलांना कळवायचं सुचलंही नाही. चौथ्या गुरुवारी गेले तर तो कोथिंबीरवाला मुलगा आला नव्हता. घरी जाऊन त्याच्या आईला भेटले. ती म्हणाली, "तो तीन वेळा जाऊन आला, ताई." त्यानंतर तो यायला लागला तो थेट जूनमध्ये.

नव्या सत्रासाठी मला चार जण हवे आहेत. शिक्षक नसलात तरी चालेल. आठवड्यातली एकच संध्याकाळ द्या, पण पुढच्या एप्रिलपर्यंत तीच द्या. इंदिरानगर, सिडकोकडून येणार असाल तर द्वारका चौकातलं ट्रॅफिक धरून घरातून सव्वापाचला निघा. प्रत्येकाला तीन मुलं मिळतील, वर्षभर तीच. त्यांची नागली म्हणजे पुस्तकातली नाचणी, हे तुम्हाला हळूहळू कळेल. यायचं नसेल त्या दिवसाच्या आदल्या वर्गात मुलांना तोंडाने सांगायचं. जमणार असेल तर इनबॉक्समध्ये लिहा, आणि कोणता वार देताय तेही लिहा.