विमान कंपनी काढू इच्छिणाऱ्यास काही हिताच्या सूचना

देशांतर्गत हवाई वाहतुकीत भारत जगात तिसऱ्या क्रमांकावर पोहोचला, 2014 साली 74 असलेले विमानतळ दीडशेच्या पुढे गेले आणि नवी मुंबईचे विमानतळही अखेर 25 डिसेंबर 2025 रोजी सुरू झाले, हे वाचून स्वतःची विमान कंपनी काढण्याचा विचार आपल्या मनात आला असेल, तर तो मुळीच दडपून टाकू नये. प्रवासी वाढत आहेत, विमानतळ वाढत आहेत आणि कमी होत आहेत त्या फक्त विमान कंपन्या. याचा अर्थ जागा रिकामी आहे. ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, सहारा, डेक्कन, किंगफिशर, जेट आणि गो फर्स्ट ही मंडळी इतक्या सौजन्याने बाजूला झाली असताना आपण पुढे न सरसावणे हा त्यांच्या त्यागाचा अवमान ठरेल.

सुरुवात विमानांच्या मागणीपासून करावी आणि मागणी मोठी नोंदवावी. दहा-वीस विमाने मागवणारा नुसता गिऱ्हाईक असतो, पाचशे मागवणारा द्रष्टा ठरतो. एअर इंडियाने फेब्रुवारी 2023 मध्ये 470 विमानांची मागणी जाहीर केली, चारच महिन्यांनी इंडिगोने पॅरिसच्या प्रदर्शनात एकट्या एअरबसकडे 500 विमाने मागवली आणि ताफ्यात पंचवीसदेखील विमाने नसलेल्या अकासाने जानेवारी 2024 मध्ये हैदराबादेत आणखी 150 बोइंग विमानांची घोषणा केली. ही विमाने प्रत्यक्षात केव्हा येणार, असा आगाऊ प्रश्न घोषणेच्या दिवशी कोणी विचारत नाही. दोन्ही कारखान्यांकडे इतक्या मागण्या तुंबलेल्या आहेत की सध्याच्या वेगाने त्या पुरवता पुरवता दशक सरेल. आपले विमान येईल तेव्हा आपण कंपनीत असालच असे नाही, आणि कंपनी असेलच असेही नाही, त्यामुळे त्याची काळजी आज करण्याचे कारण नाही.

जी विमाने खरोखर येतील ती आल्या दिवशीच विकून टाकावीत. हे वाचून दचकू नये, या धंद्यातली ही प्रतिष्ठित रीत आहे. घाऊक मागणीवर कारखाना घसघशीत सूट देतो. सवलतीच्या भावाने मिळालेले विमान परदेशातल्या एखाद्या भाडेपट्टा कंपनीला चढ्या भावाने विकायचे, तेच विमान तिच्याकडून पुढची आठ-दहा वर्षे भाड्याने घ्यायचे आणि मधला फरक ताळेबंदात नफा म्हणून दाखवायचा. एकही प्रवासी न बसवता नफा मिळवून देणारा असा व्यवसाय दुसरा नाही. भाडे मात्र डॉलरमध्ये द्यायचे असते आणि तिकिटाचे पैसे रुपयांत येतात. 2014 साली साठीच्या आसपास असलेला डॉलर डिसेंबर 2025 मध्ये नव्वदीपार गेला, म्हणजे आपण काहीही न करता भाडे दीडपट झाले. पण तोवर नफ्याच्या बातम्या छापून झालेल्या असतात.

यानंतर इंधन. एकूण खर्चाचा सुमारे चाळीस टक्के हिस्सा त्यात जातो, आणि वस्तू व सेवा कर 2017 साली सगळ्या देशाला एकसारखा लागू झाला तेव्हा विमानाचे इंधन त्यातून काळजीपूर्वक वगळण्यात आले. प्रत्येक राज्य त्यावर आपापल्या मर्जीप्रमाणे मूल्यवर्धित कर लावते. महाराष्ट्राने 2023 च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो 25 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आणला, ही कृपाच म्हणायची. बांदा-सावंतवाडीकडचे लोक गाडीची टाकी भरायला जसे पत्रादेवीची हद्द ओलांडून गोव्यात जातात, तसेच आपल्या वैमानिकालाही कमी कराच्या राज्यातून परतीचे इंधन भरून आणायला सांगावे. जास्तीचे इंधन वाहून नेण्यासाठी आणखी इंधन जळते खरे, परंतु ते स्वस्तातले असल्याने जळताना कमी दुखते.

प्रवाशाविषयी आपल्या मनात ममत्व असेल तर ते वेळीच काढून टाकावे, कारण त्याच्या मनात आपल्याविषयी तसे काही नाही. आपण गरम जेवण द्या, वेळ पाळा, गालिचे अंथरा. पलीकडची कंपनी दोनशे रुपयांनी स्वस्त दिसली की तो तिकडे जाईल. किंगफिशरने 2005 पासून आसनापुढे टीव्हीचे पडदे लावले, पाहुणचार केला आणि 2012 साली बंद पडेपर्यंत एकाही वर्षी नफ्याचे तोंड पाहिले नाही. तेव्हा भाडे खाली ठेवावे आणि उरलेली प्रत्येक गोष्ट वेगळी विकावी. खिडकीला पैसे, पाय लांब करण्याला पैसे, आणि शक्य झाल्यास शेवटच्या रांगेतल्या, प्रसाधनगृहाशेजारच्या मधल्या आसनालाही पैसे लावावेत. कुटुंबाला चार वेगवेगळ्या रांगांत बसवण्याची भीती दाखवली की तेही खपते. शेवटी पैसे भरण्याच्या पानावर पैसे भरण्याची सोय केल्याबद्दल सोयीचे शुल्क घ्यावे.

सामानाचे मात्र पंधरा किलो मोफत द्यावेत, कारण खरी कमाई सोळाव्या किलोवर आहे. सणासुदीच्या पहाटे पुण्याच्या लोहगाव विमानतळावर सामान देण्याच्या खिडकीपाशी घटकाभर उभे राहिलात तर हे शास्त्र आपल्याला एका फेरीत समजेल. काट्यावर 17.4 असा आकडा उमटतो. आई जमिनीवर बसून बॅग उघडते, फराळाचा डबा काढून मुलाच्या पाठपिशवीत कोंबते, वडील दोन पँटी खांद्यावर टाकतात, आजीला चेन्नईच्या उकाड्यात घेऊन जायचा स्वेटर तिथेच चढवावा लागतो, आणि मागची रांग तोंड फिरवून उभी राहते. पुन्हा काटा, 15.6. खिडकीमागची मुलगी क्षणभर विचार करते आणि "जाऊ द्या" म्हणते. हे ती स्वतःच्या जबाबदारीवर म्हणते, कंपनीच्या नव्हे. अशा दयाळू कर्मचाऱ्यांवर लक्ष ठेवण्यासाठी एक वेगळा अधिकारी नेमावा.

आपल्याला समाजकार्याची हौस असेल तर छोट्या शहरांच्या विमानमार्गांना तीन वर्षे अनुदान देणाऱ्या सरकारी 'उडान' योजनेत भाग घ्यावा. मार्ग मिळवणे सोपे, उद्घाटन त्याहून सोपे. अडचण दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. महालेखापरीक्षकांच्या 2023 च्या अहवालानुसार मार्गवाटपाच्या पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या 774 मार्गांपैकी 371 वरच विमान उडाले, 112 मार्गांनी तीन वर्षांची मुदत पुरी केली आणि मार्च 2023 मध्ये त्यांतले 54 चालू होते. चिपीचे सिंधुदुर्ग विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 रोजी सुरू झाले तेव्हा उद्धव ठाकरे आणि नारायण राणे एकाच व्यासपीठावर आले, आणि त्या विमानतळाच्या नावावरची सर्वांत अवघड कामगिरी आजही तीच आहे. मुंबईचे विमान आधी अधूनमधून रद्द होऊ लागले, मग तीन वर्षांनी बंदच पडले आणि चाकरमानी पुन्हा कोकणकन्येच्या प्रतीक्षायादीत दाखल झाला. अनुदानाची तीन वर्षे उडायचे आणि चौथ्या वर्षी मागणी नाही म्हणून हळहळायचे, एवढे पथ्य पाळले तर समाजकार्य तोट्यात जात नाही.

इंजिनांबाबत एकच सांगायचे, ती बिघडली तर आपला इलाज नाही. गो फर्स्टचा जवळजवळ निम्मा ताफा प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांअभावी जमिनीवर होता. मे 2023 मध्ये कंपनी स्वतःहून दिवाळखोरी न्यायाधिकरणात गेली, आणि त्यानंतर दोन महिन्यांनी त्या इंजिनांच्या काही भागांसाठी वापरलेल्या धातूच्या भुकटीतच दोष असल्याचे उत्पादकाने जाहीर केले. पुढे इंडिगोचीही सत्तरेक विमाने उभी राहिली, पण इंडिगो उभी राहिली नाही, कारण तिच्याकडे उडायला आणखी तीनशे होती. लहान कंपनीने इंजिन निवडताना यातून काय शिकावे, हे मला बराच विचार करूनही सापडलेले नाही.

पर्यावरणाचा विषय एका परिच्छेदात उरकता येतो. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी 2027 पासून एक टक्का आणि 2030 पर्यंत पाच टक्के शाश्वत, म्हणजे खनिज तेलापासून न बनवलेले, इंधन मिसळण्याचे सरकारी उद्दिष्ट आहे. मे 2023 मध्ये पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एका विमानात पुण्याच्याच प्राज कंपनीच्या तंत्रज्ञानाने बनवलेले असे इंधन एक टक्क्यापर्यंत मिसळले होते. आपणही एक उड्डाण असे करावे, विमानावर पान रंगवावे आणि उरलेल्या नव्याण्णव टक्क्यांविषयी पत्रकात काही लिहू नये.

कंपनी बुडायला लागली की पुष्कळजण घाबरून आरक्षण बंद करतात, तसे करू नये. आगाऊ तिकिटे घेणारा प्रवासी हा बिनव्याजी आणि बिनतारणी कर्ज देणारा एकमेव सावकार आहे, आणि दिवाळखोरीत त्याचा नंबर बँकांच्या फार मागे लागतो. जेटचे शेवटचे विमान 17 एप्रिल 2019 च्या रात्री अमृतसरहून मुंबईला उतरले; त्यानंतर पुनरुज्जीवनाची योजना मंजूर झाली, वर्षानुवर्षे सुनावण्या झाल्या आणि नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात, म्हणजे मोडीत काढली. दरम्यान तिच्या उड्डाणांच्या वेळा इतरांनी वाटून घेतल्या होत्या आणि वीस-वीस वर्षे नोकरी केलेले लोक थकलेल्या पगाराचे कागद घेऊन खेटे घालत होते. भाडेपट्टा कंपन्यांची विमाने मात्र आता पूर्वीसारखी अडवता येणार नाहीत. गो फर्स्टच्या वेळी त्यांचे हाल झाल्याने 2025 साली त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. प्रवाशांसाठी आणि कर्मचाऱ्यांसाठी तसा कायदा नाही, त्यामुळे त्या बाजूने आपण निर्धास्त असावे.

हे सारे टाळण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे इतके मोठे व्हावे की आपण अडखळलो तर देश अडखळेल. वैमानिकांचा थकवा कमी व्हावा म्हणून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी 2024 मध्ये नवे नियम काढले: आठवड्याची विश्रांती 36 ऐवजी 48 तास आणि रात्रीच्या कामात सहाऐवजी दोनच उतरणी. तयारीला जवळजवळ दोन वर्षे मिळाली आणि शेवटचा टप्पा 1 नोव्हेंबर 2025 रोजी लागू झाला. साठ टक्क्यांहून अधिक बाजारपेठ हाती असलेल्या इंडिगोकडे डिसेंबर उजाडला तेव्हा वैमानिक पुरेना; 5 तारखेला एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली आणि विमानतळांवर बॅगांचे ढीग साचले. लहान कंपनीला अशा वेळी परवाना गमवावा लागला असता. इथे नियमालाच काही आठवड्यांची सुट्टी देण्यात आली, म्हणजे वैमानिकाची विश्रांती लांबणीवर पडली आणि नियम विश्रांतीला गेला. इतर कंपन्यांनी तिकिटे भडकवली, तेव्हा सरकारने 500 किलोमीटरपर्यंत 7,500 आणि 1,500 किलोमीटरच्या पुढे 18,000 रुपये अशी मर्यादा घातली, आणि एवढे भाडे वाजवी असते हे प्रवाशाला प्रथमच अधिकृतरीत्या कळले. घरची शेती गहाण टाकून, दोनशे तासांचे उड्डाण पुरे करून आणि विशिष्ट विमानाच्या प्रशिक्षणाचे पैसे पुन्हा खिशातून भरून नोकरीची वाट पाहणारी मुले त्याही आठवड्यात घरी बसली होती, परंतु त्यांना आधीच भरती करून ठेवण्यात पैसा अडकतो.

या प्रसंगानंतर स्पर्धा वाढली पाहिजे, असे मंत्रालयाला मनापासून वाटू लागले असून त्याच महिन्यात अल हिंद एअर आणि फ्लायएक्सप्रेस या नव्या कंपन्यांना ना-हरकत प्रमाणपत्रे मिळाली. तेव्हा आपणही अर्ज करण्यास विलंब लावू नये, प्रमाणपत्र मिळेल. मुंबईला उतरण्याच्या सकाळ-संध्याकाळच्या वेळा अर्थातच केव्हाच वाटून झाल्या आहेत. फार खटपट केल्यास आपल्या वाट्याला रात्री अडीचची वेळ येईल, आणि त्या वेळी आपला वैमानिक, नियमाची सुट्टी संपलेली असल्यास, दोनदाच उतरू शकेल.