१९ विजय, ११ पराभव : रँडी कूटूरच्या कारकिर्दीचा चुकीचा हिशेब

मिक्स्ड मार्शल आर्ट्स म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यात ठोसे, लाथा आणि कुस्ती अशा सगळ्या प्रकारांनी लढायचा खेळ. त्याच्या चाहत्यांमध्ये रँडी कूटूर या अमेरिकन लढवय्याविषयी एक मत गेली अनेक वर्षे हातोहात फिरते आहे. त्याचा सारांश असा : ज्याच्या खात्यावर १९ विजयांसमोर ११ पराभव आहेत तो खेळाडू महान ठरूच शकत नाही, विजेतेपदाचे पट्टे त्याला मिळाले ते समोरचे दुबळे होते म्हणून, तो लढत नसे, प्रतिस्पर्ध्याला जाळीला रेटून, मिठी मारून वेळ काढत असे, आणि चाळिशीनंतरचे त्याचे यश म्हणजे आयोजकांनी आपल्या लाडक्या खेळाडूसाठी जुळवून आणलेला देखावा होता. मांडणी चटपटीत आहे आणि आकडा खरा आहे, त्यामुळे ज्यांनी त्याच्या लढती पाहिलेल्या नाहीत त्यांना ती सहज पटते. लढती क्रमाने लावून पाहिल्या, की मात्र हे आक्षेप एकेक करून ढासळू लागतात. जिथे त्यांत थोडेफार तथ्य आहे, तिथे ते किती आहे हेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे.

आधी आकड्याचेच घेऊ. अकरापैकी तीन पराभव यूएफसी या खेळाच्या प्रमुख अमेरिकन आयोजक संस्थेबाहेरचे, जपानी आयोजनांतल्या लढतींमधले आहेत : १९९८ मध्ये एन्सन इनोउए, १९९९ मध्ये मिखाइल इल्युखिन आणि २००१ च्या फेब्रुवारीत व्हॅलेंटाइन ओव्हरीम. या तिघांनीही त्याचा हात किंवा गळा अडकवून त्याला हार मानायला लावली. हे त्याचे खरे उणेपण होते, आणि ते झाकण्याचे कारण नाही; आयुष्यभर कुस्ती खेळलेल्या माणसाला जमिनीवर पाठ टेकवली म्हणजे काम फत्ते झाले असे वाटते, आणि या खेळात खरा धोका तिथूनच सुरू होतो. पण त्यानंतरच्या दहा वर्षांत गळा किंवा सांधा आवळून त्याला पुन्हा कोणीही हरवू शकले नाही. अशा पकडींचा उस्ताद मानला जाणारा अँतोनियो रॉद्रिगो नोगेरा २००९ मध्ये त्याच्याशी तीन फेऱ्या लढला आणि जिंकलाही, पण पंचांच्या गुणांवर.

उरलेले आठ पराभव यूएफसीतले आहेत आणि ते सात जणांकडून झाले : जॉश बार्नेट, रिको रॉड्रिगेझ, व्हिटॉर बेलफोर्ट, चक लिडेल (दोनदा), ब्रॉक लेस्नर, नोगेरा आणि लियोटो माचिदा. या सातही जणांच्या कमरेला कधी ना कधी यूएफसीचा पट्टा होता. नोगेराचा तेवढा हंगामी, म्हणजे मुख्य विजेता लढू शकत नसताना दिलेला, होता. आठपैकी सहा पराभव तर प्रत्यक्ष पट्ट्यासाठीच्या लढतींमध्ये झाले. पहिल्याच कार्यक्रमातल्या, यूएफसी १३ मधल्या स्पर्धेची अंतिम फेरी वगळून निव्वळ पट्ट्यासाठीच्या लढती मोजल्या, तरी त्याच्या ३० लढतींपैकी १५ त्यात बसतात, आणि त्यांतल्या ९ त्याने जिंकल्या. ज्याची निम्मी कारकीर्द विजेतेपदाच्या लढतींत गेली, त्याच्या पराभवांची संख्या सोप्या प्रतिस्पर्ध्यांवर वाढवलेल्या आकड्यांशेजारी ठेवणे हा हिशेबच चुकीचा आहे. नवख्या लढवय्याला आधी दहा-बारा सोप्या लढती देऊन त्याचे खाते फुगवण्याची रीत या खेळात सर्रास आहे. कूटूरच्या वाट्याला ती आलीच नाही. मे १९९७ मध्ये त्याने पहिली व्यावसायिक लढत दिली तेव्हा तो ३३ वर्षांचा होता, आणि त्याच वर्षीच्या २१ डिसेंबरला, आपल्या चौथ्याच लढतीत, जपानमध्ये मॉरिस स्मिथला गुणांवर हरवून तो हेवीवेट, म्हणजे सर्वांत वजनदार गटाचा, विजेता झाला.

याच ओघात बार्नेटचा उल्लेख करायला हवा. मार्च २००२ मध्ये त्याने कूटूरला दुसऱ्या फेरीत हरवून पट्टा जिंकला खरा, पण लढतीनंतरच्या चाचणीत तो बंदी असलेल्या द्रव्यांसाठी दोषी आढळला आणि पट्टा त्याच्याकडून काढून घेण्यात आला. कूटूरच्या खात्यावर पराभव मात्र कायम राहिला. तो पुसावा असे मी म्हणत नाही. फक्त नुसता आकडा नाचवणाऱ्यांनी ही गोष्ट ठाऊक नसल्यासारखे वागू नये.

दुसरा आक्षेप काळाच्या दुबळेपणाचा. यूएफसी १३ मधल्या स्पर्धेत त्याने ज्या दोघांना हरवले, त्या टोनी हाल्मे आणि स्टीव्हन ग्रॅहम यांच्यासाठी कोणी फार मोठा दावा करणार नाही. हाल्मे तर मुळात करमणुकीच्या कुस्तीतून आलेला होता. इथपर्यंत आक्षेप मान्य. पण पुढच्याच लढतीत, ऑक्टोबर १९९७ मध्ये, समोर २० वर्षांचा बेलफोर्ट होता. त्याच्या हातांचा वेग त्या काळात दुसऱ्या कोणाकडे नव्हता आणि त्याने टँक ॲबटला अवघ्या ५२ सेकंदांत लोळवले होते. कूटूरने ३४ व्या वर्षी त्याला आठ मिनिटांहून थोडा अधिक काळ जवळून झोंबत, दमवत, शेवटी ठोशांनी संपवले. १९९८ मध्ये कराराच्या वादात गेलेला पट्टा त्याने नोव्हेंबर २००० मध्ये केव्हिन रँडलमनकडून परत घेतला, आणि त्यानंतर ब्राझीलच्या पेद्रो रिझोविरुद्ध तो दोनदा राखला. यातली पहिली रिझो लढत वादग्रस्त आहे हे मान्य करतो. मांडीवर जबर लाथा खाऊन कूटूर त्या रात्री पाचव्या फेरीपर्यंत टिकला, आणि निकाल रिझोच्या बाजूने लागायला हवा होता असे म्हणणारे बरेच जाणकार आहेत. मात्र सहा महिन्यांनी त्याने त्याच रिझोला तिसऱ्या फेरीत थांबवले, आणि त्या निकालावर कोणी वाद घालत नाही.

काळाच्या दुबळेपणाचा हा दावा खऱ्या अर्थाने कोलमडतो तो २००३ मध्ये. २००२ मध्ये रॉड्रिगेझने पाचव्या फेरीत कोपराच्या घावाने त्याच्या डोळ्याची खोबण मोडल्यावर, हेवीवेटमध्ये दिवसेंदिवस अंगाने मोठे होत चाललेल्या मल्लांपुढे आपण लहान पडतो हे ओळखून तो त्याखालच्या, लाइट हेवीवेट गटात उतरला. तिथे त्या वेळी दोनच नावे होती. पट्टा होता टीटो ऑर्टिझकडे. एप्रिल २००० मध्ये तो जिंकल्यापासून त्याने पाच वेळा राखला होता. त्या पट्ट्याचा सर्वांत मोठा दावेदार होता चक लिडेल, आणि त्याच्या उजव्या हाताची धास्ती साऱ्या गटाला होती. कूटूरने या दोघांना चार महिन्यांच्या आत हरवले. ६ जूनला, चाळिसावा वाढदिवस १६ दिवसांवर असताना, त्याने लिडेलला तिसऱ्या फेरीत थांबवून हंगामी पट्टा घेतला; २६ सप्टेंबरला ऑर्टिझला पाच फेऱ्या खाली दाबून ठेवत पट्टा एकत्र केला. यूएफसीत दोन वेगवेगळ्या वजनगटांत विजेता होणारा तो पहिला. शेवटच्या सेकंदांत ऑर्टिझ त्याच्या पायाला झोंबून गुडघा अडकवायला धडपडत होता, तेव्हा कूटूरने त्याच्या पार्श्वभागावर, हट्टी पोराला मारावेत तसे, दोन-चार चापट्या मारल्या. या प्रसंगाची चर्चा नेहमी विनोद म्हणून होते. पण पाच फेऱ्या झुंजल्यानंतरही चाळिशीच्या माणसाला तेवढी उसंत आणि तेवढा श्वास उरला होता, हे त्यातून अधिक दिसते. तिन्ही पंचांनी पाचही फेऱ्या त्याला दिल्या होत्या. ऑर्टिझ २८ वर्षांचा होता आणि लिडेल ३३ वर्षांचा. यांना दुबळे म्हणायचे, तर त्या दशकातला लाइट हेवीवेट गटच रद्द करावा लागेल.

लिडेलने पुढे २००५ आणि २००६ मध्ये त्याला दोनदा बेशुद्धीच्या काठावर नेऊन हरवले. त्या दोन्ही वेळा लिडेल निर्विवाद वरचढ होता. तिथे कोणतीही सबब चालणार नाही.

‘मिठी मारणारा’ हा शेरा मला सर्वांत अज्ञानी वाटतो, म्हणून त्यावर थोडे सविस्तर. ग्रीको-रोमन कुस्तीत कमरेखाली पकड घालायला मनाई असते. पट काढता येत नाही, टांग लावता येत नाही. त्यामुळे सगळी झुंज छाती, खांदे, मान आणि हात यांच्यात चालते : कोणाचा हात कोणाच्या काखेतून आत जातो, कोणाचे डोके कोणाच्या हनुवटीखाली रुतते, कोणाचा तोल आधी टाचांवर जातो. या प्रकारात कूटूर १९८८, १९९२ आणि १९९६ अशा तीन ऑलिंपिकसाठी अमेरिकन संघाचा राखीव मल्ल होता. पिंजऱ्यात आल्यावर त्याने या झुंजीला ठोशांची जोड दिली. एका हाताने काखेतून पकड घ्यायची, कपाळ समोरच्याच्या गालफडावर रोवून त्याला जाळीला रेटायचे, आणि दुसऱ्या, मोकळ्या हाताने वीतभर अंतरावरून ठोसे मारायचे. समोरच्याला हात मागे नेऊन ठोसा मारायला जागाच उरत नाही, आणि पूर्ण वजन पेलता पेलता त्याचे पाय थकतात. बाहेरून पाहणाऱ्याला दोन माणसे बिलगून उभी दिसतात. आतल्याला ते श्वास कोंडल्यासारखे असते. बेलफोर्टचे वेगवान हात १९९७ मध्ये याच रीतीने निकामी झाले.

शिवाय त्याला दुसरे काही येत नव्हते हेही खरे नाही. २००३ च्या लिडेल लढतीत त्याने आधी उभ्यानेच बाजी मारली. लिडेलचे ठोसे बाहेरून वळसा घालून यायचे; कूटूर सरळ रेषेत, आतून ठोसे मारत पुढे सरकत राहिला, लिडेल मागे हटू लागला आणि मग त्याला खाली पाडणे सोपे झाले. कुस्तीगिराने ठोसेबाजाला ठोशांनी मागे रेटून पट काढावा, हे डोक्याने लढणाऱ्याचे लक्षण आहे.

आता आयोजकांच्या लाडकेपणाविषयी. हा आरोप करणाऱ्यांनी दोन तारखा पाहाव्यात. जानेवारी १९९८ मध्ये, पट्टा जिंकून महिनाही उलटला नव्हता तेव्हा, कराराच्या वादातून त्याने यूएफसी सोडली आणि पट्टा गमावला. ऑक्टोबर २००७ मध्ये, पुन्हा हेवीवेट विजेता असताना, त्याने राजीनामा दिला. प्रकरण कोर्टकचेरीपर्यंत गेले, त्याच्या गैरहजेरीत हंगामी पट्ट्याची लढत लावली गेली, आणि तो परतला ते वर्षभराने. लाडक्या माणसाची वागणूक अशी नसते, आणि लाडक्याला अशी वागणूकही मिळत नाही. दुसऱ्या राजीनाम्यामागे यूएफसीबाहेर लढणाऱ्या रशियन हेवीवेट फ्योदोर येमेलियानेंकोशी लढण्याची त्याची इच्छा हे एक मोठे कारण होते. त्यामुळे ‘तो फ्योदोरला टाळत राहिला’ हा या मताला जोडला जाणारा उपआक्षेप उलटाच आहे. ती लढत मिळावी म्हणून पट्टा पणाला लावणारा कूटूरच होता.

वयाचे काय? २००६ च्या फेब्रुवारीत लिडेलकडून दुसऱ्यांदा हरल्यावर तो निवृत्त झाला होता, जूनमध्ये त्याचा यूएफसीच्या हॉल ऑफ फेममध्ये समावेशही झाला होता. ३ मार्च २००७ रोजी ओहायोतल्या कोलंबस इथे तो परतला, तेव्हा त्याचे वय ४३ होते आणि समोर हेवीवेट विजेता टिम सिल्व्हिया होता : उंची ६ फूट ८ इंच, वजन कूटूरपेक्षा सुमारे ४० पौंडांनी अधिक. आयोजकांना कोणाची सोय लावायची असती, तर त्यांनी परतीसाठी हा डोंगर निवडला नसता. लढत सुरू होऊन काही सेकंदच झाले असतील. कूटूरने वरून फिरवून घातलेला पहिलाच जोरकस उजवा ठोसा बसला आणि सिल्व्हिया पाठीवर गेला. तिथून पुढे २५ मिनिटे एकाच माणसाची होती. तिन्ही पंचांचे गुण ५०–४५. सिल्व्हिया संथ होता, फार आकर्षक विजेता नव्हता, हे मान्य. पण ‘४३ वर्षांच्या माणसाने हरवले म्हणजे तो दुबळा, आणि दुबळ्याला हरवले म्हणून ४३ वर्षांचा माणूस मोठा नाही’ हा युक्तिवाद स्वतःचीच शेपटी धरून गोल फिरतो.

ऑगस्टमध्ये त्याने गॅब्रिएल गोन्झागाला तिसऱ्या फेरीत हरवले. गोन्झागाने चारच महिन्यांपूर्वी लाथांसाठीच प्रसिद्ध असलेल्या मिर्को क्रो कॉपला डोक्यावरच्या लाथेने आडवे केले होते. तशाच एका लाथेपुढे कूटूरने हात आडवा घातला, हाताचे हाड मोडले, आणि त्या हातानिशी त्याने लढत पुरी केली. नोव्हेंबर २००८ मध्ये लेस्नरने त्याचा पट्टा घेतला तेव्हा वजनकाट्यावर एक २६५ पौंडांचा होता आणि दुसरा २२० चा. कूटूर तेव्हा ४५ वर्षांचा होता, आणि एवढ्या वयाचा विजेता यूएफसीत त्याआधी किंवा त्यानंतर झालेला नाही.

शेवटच्या टप्प्यातले विजय मात्र मी फार मोठे मानत नाही. ब्रँडन व्हेराविरुद्धचा निकाल वादाचा आहे, मार्क कोलमन स्वतःच पंचेचाळिशीचा होता, आणि जेम्स टोनी हा मुष्टियुद्धातला विजेता जमिनीवर काय करायचे हे जाणतच नव्हता. पण याच न्यायाने शेवटचे पराभवही तोलायला हवेत. चाळिशी ओलांडल्यावर कूटूर १४ लढती लढला. त्यांतल्या ८ जिंकला आणि ६ हरला, म्हणजे अकरापैकी निम्म्याहून अधिक पराभव हे बहुतेकांची कारकीर्द संपल्यानंतरच्या वयातले आहेत. त्यातला अखेरचा ३० एप्रिल २०११ चा, टोरंटोतला. ही आपली शेवटची लढत असल्याचे त्याने आधीच जाहीर केले होते. तो ४७ वर्षांचा, माचिदा ३२ चा. दुसऱ्या फेरीत माचिदाने उडी मारून समोरून घातलेली लाथ थेट तोंडावर बसली, कूटूरचा दात पडला आणि तो कोसळला. दहाचे अकरा झाले ते त्या रात्री.