स्टिअरिंगवर चेनी होता

नमस्कार. एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं असं की 'मिसिसिपी बर्निंग' हा माहितीपट नाही, ॲलन पार्करने एका सत्यघटनेवर बेतलेला थरारपट आहे, तेव्हा त्याच्याकडे इतिहासाचा हिशेब मागू नये. वर हेही, की हा सिनेमा आला नसता तर मारल्या गेलेल्या त्या तीन नागरी हक्क कार्यकर्त्यांची नावं आपल्याला कळलीच नसती.

पण सिनेमाने ती नावं कुठे सांगितली? २१ जून १९६४ च्या रात्री मिसिसिपी राज्यातल्या फिलाडेल्फिया या छोट्या गावाबाहेर क्लॅनवाल्यांनी (कू क्लक्स क्लॅन, ही गोऱ्या वर्चस्ववाद्यांची संघटना) मारले ते काळा जेम्स चेनी आणि गोरे अँड्र्यू गुडमन व मायकेल श्वर्नर. पडद्यावरच्या तिघांना नावंच नाहीत. त्या दुपारी डेप्युटी शेरीफने वेगाचं निमित्त करून गाडी अडवली, तेव्हा स्टिअरिंगवर चेनी होता. वय २१, जवळच्याच मेरिडियनचा. सिनेमात गाडी गोरा तरुण चालवतो, चेनीच्या जागचं पात्र मागे बसलेलं. श्रेयनामावलीत तो फक्त 'ब्लॅक पॅसेंजर'!

हा तपशिलातला किरकोळ फरक मला वाटत नाही. त्याला मागे बसवलं की पुढचं ओघानेच येतं. गावातले काळे लोक मार खातात, घाबरतात, चर्चमध्ये गातात, आणि जे काही करायचं ते हॅकमन आणि डॅफो, म्हणजे एफबीआयचे दोन गोरे अधिकारी, करतात. प्रत्यक्षात माउंट झायन या काळ्यांच्या चर्चमधल्या लोकांनी फ्रीडम स्कूलसाठी, म्हणजे नागरी हक्क चळवळीच्या शाळेसाठी, आपली जागा देऊ केली होती. त्यापायी १६ जूनला त्यांना मारहाण झाली, चर्च जाळलं गेलं. हे तिघे तेच बघायला आले होते. त्याच ऑगस्टमध्ये मिसिसिपीची शेतमजूर फॅनी लू हेमर डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात साक्ष द्यायला उभी राहिली. एवढी हिंमतवान माणसं त्या मातीत होती, आणि पार्करला एकही दिसू नये?

छायाचित्रण अप्रतिम, अभिनेत्री फ्रान्सिस मॅकडॉरमंडचं काम उत्तम, मान्य. पण शेवटी एकेका गुन्हेगाराचा चेहरा आणि शिक्षा दाखवून प्रेक्षकाला जे समाधान दिलंय, ते मला सहन होत नाही. १९६७ मध्ये सात जण दोषी ठरले, तेही खुनासाठी नव्हे, नागरी हक्क हिरावण्याच्या कटासाठी. सहा वर्षांपेक्षा जास्त तुरुंगात कुणीच राहिलं नाही. या हत्यांचा बेत आखणारा क्लॅनवाला एडगर रे किलन तर तेव्हा सुटलाच. सदोष मनुष्यवधासाठी त्याला शिक्षा झाली २००५ साली.

काळे नायक घेतले असते तर १९८८ मध्ये पैसे कोणी लावले असते, असं तुम्ही विचारता. नायक गोरेच असणं भाग होतं, असं पार्करही म्हणाला होता. असेल. पण चेनीच्या हातातली गाडी काढून घ्यायला त्याला कोणत्या निर्मात्याने भाग पाडलं होतं?