मामी, सिनेमा आधी बघा तरी!

‘पळून लग्न करणाऱ्या मुलींनो, मणिरत्नमनं तुम्हाला आधीच बजावलंय’ असा, दिग्दर्शक मणिरत्नमच्या ‘अलैपायुदे’ या तमिळ सिनेमावरचा लांबलचक फॉरवर्ड परवा मामींनी आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला. खाली चार हात जोडलेले. मावसबहिणीनं चेन्नईच्या मुलाशी रजिस्टर लग्न करायचं ठरवलंय हे ग्रुपवर सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा रोख कुणावर होता ते वेगळं सांगायला नको. रात्री साडेअकराला तिचा फोन. रडत नव्हती, पण विचारत होती, “अरे, त्या सिनेमात खरंच नायिकेचे वडील जातात का रे?”

म्हणून हे लिहितोय. एरवी असल्या फॉरवर्डला मी अंगठासुद्धा दाखवत नाही.

फॉरवर्डची सुरुवातच अशी की, तमिळ ‘अलैपायुदे’ ही हिंदी ‘साथिया’ची नक्कल आहे. ‘अलैपायुदे’ आला १४ एप्रिल २००० ला, तमिळ नववर्षाच्या सुमारास. ‘साथिया’ आला २० डिसेंबर २००२ ला, आणि तो केला मणिरत्नमच्याच हाताखाली काम केलेल्या शाद अलीनं. बहुतेक चाली त्याच आहेत, हे खरं. दोन्हीकडे संगीत रहमानचंच. पण नक्कल आधी आणि मूळ नंतर, असं कधी असतं का?

दुसरा आरोप भारदस्त आहे. ‘कृष्णाच्या भजनाचं रहमाननं प्रेमगीत केलं, हा संस्कृतीचा अपमान.’ हा मुद्दा लिहिणाऱ्यानं ते गाणं कान देऊन ऐकलेलं नाही. सिनेमातली ‘अलैपायुदे कण्णा’ ही रचना अठराव्या शतकातल्या ऊत्तुक्काडु वेंकट कवींची. ऊत्तुक्काडु म्हणजे कुंभकोणमजवळचं गाव. राग कानडा, कर्नाटक पद्धतीचा, आपला दरबारी कानडा नव्हे. ‘अलै’ म्हणजे लाट. कान्हा, तुझ्या वेणूच्या सुरानं माझं मन लाटांसारखं उसळतंय, असं गोपी म्हणते. शेवटी तर ती चक्क भांडते: मी इथं टाहो फोडून तुला हाक मारायची आणि तू दुसऱ्या बायकांबरोबर रमायचं? हे शोभतं का? ही रीत आहे का? हा धर्म आहे का?

म्हणजे रुसवा, मत्सर, विरह सगळं मूळ रचनेतच आहे. रहमाननं त्यात प्रेम घुसवलेलं नाही, ते अडीचशे वर्षांपासून तिथंच होतं. आणि आपल्याला यात नवल का वाटावं? ‘घनु वाजे घुणघुणा’ म्हणत ‘कान्हा वेगी भेटवा का’ असं विनवणारी विरहिणी ज्ञानोबांचीच ना? तिला चांदणं, चंदन काही काही नकोसं होतं. ती देवघरात चालते, मग तमिळ गोपीनंच काय घोडं मारलंय?

आता बहिणीला झोप न येऊ देणारा मुद्दा. (शक्ती म्हणजे सिनेमातली नायिका, कार्तिक तिचा नवरा.) ‘आईबापांना दुखावून लग्न केलं म्हणून शक्तीचे वडील गेले आणि तिला अपघात झाला. करावं तसं भरावं.’

वडील जातात. समेट व्हायच्या आधी जातात, हेही खरं, आणि तो प्रसंग बघवत नाही. पण त्याआधी काय घडलं ते फॉरवर्डमधून सोयीस्करपणे गळलंय. कार्तिक चोरून लग्न करायला निघालेला नसतो, तो वडिलांना घेऊन रीतसर मागणी घालायला जातो. एक घर सुखवस्तू, दुसरं बेताचं. बोलणी मानापमानावर घसरतात आणि मोडतात. पोरं देवळात जातात ती त्यानंतर. शक्तीचे वडील आजारी असल्याचं कळल्यावर ती कार्तिकला चल म्हणते, तो आढेवेढे घेतो, आणि पोचेपर्यंत उशीर होतो. यात शाप कुठं आहे? दोन्ही घरांनी जपलेला मान आहे, आणि तो जावयानंही उचललाय. इशारा कुणाला असेलच तर तो दारं लावून बसणाऱ्यांना.

अपघात तर त्याहून उलटा. नवऱ्याबद्दलचा गैरसमज फिटल्यावर शक्ती त्याला भेटायला धावत निघालेली असते, तेव्हा गाडीची धडक बसते. गाडी चालवणाऱ्या बाईनं कुठलंही दैवी काम हाती घेतलेलं नसतं. तिचा नवरा तिचा गुन्हा स्वतःवर घेतो, शक्तीला इस्पितळात नेतो. आणि शक्ती वाचते, हो! करावं तसं भरावं असतं तर ती शेवटी कार्तिकशी बोलायला शुद्धीवर कशाला आली असती?

एक कबूल करतो, नाइलाजानं. लग्न लपवून दोघं आपापल्या घरी राहतात, रोज खोटं बोलतात, आणि ते खोटं त्यांना महागात पडतं. हे सिनेमा झाकत नाही. पण माझी बहीण काहीच लपवत नाहीये. तिनं तारीखसुद्धा ग्रुपवर टाकलीय, तिथं कुणी हात जोडले नाहीत.

राहिलं शेवटचं, ‘साथिया’तलं ‘चुपके से’ गाणारी कुणी दक्षिणेकडची बाई आहे आणि तिला हिंदी झेपत नाही. ते हिंदी गाणं आणि त्याचं तमिळ मूळ ‘स्नेहिदने’, दोन्ही साधना सरगमनं गायलीत. ‘अळगी’ या सिनेमातल्या तमिळ गाण्यासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. जन्म दाभोळचा. मामी, तुमचं माहेर गुहागर. धोपाव्याहून फेरीबोटीत बसलं की समोर दिसतं ते दाभोळ.